सुटे हात

लग्न होऊन ती या घरात आली आणि आठवडा उलटायच्या आत तिनं वादळवीराचा चेहरा पुसून टाकला.

मुद्दाम नव्हे. नवीन घरात आपण होऊन कामाला लागावं, सासऱ्यांना बरं वाटावं, एवढंच मनात होतं. काचा पुसायचं औषध फवारलेलं फडकं हातात होतं आणि मागच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाचं दार उघडं होतं. आत ओळीनं फूटभर उंचीचे सुपरहीरो उभे, शौकीन जमवतात तसल्या फिगर. खऱ्या कापडाचे, इवल्या शिवणीचे पोशाख, हलणारी बोटं, हातानं रंगवलेले डोळे. एकाच्या गालावर धूळ दिसली. तिनं फडकं फिरवलं आणि वादळवीराचा डावा डोळा ओघळून हनुवटीवर आला.

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती रडली असती, माफी मागितली असती आणि विषय तिथंच मिटला असता. त्यांनी तिच्या हातातून फिगर घेतली, उजेडाला धरून नीट पाहिली आणि जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर एक छोटी फळी ठोकून त्यावर ती उभी केली. तिच्या खुर्चीच्या अगदी समोर. त्या दिवसापासून घरी कुणीही आलं की अण्णा जेवताजेवता त्या फळीकडे बोट दाखवायचे.

"ही आमच्या सूनबाईंची कलाकुसर."

पाहुणे हसायचे. नवराही हसायचा, कारण अण्णा हसत असताना न हसणं त्याला लहानपणापासून जमलेलं नव्हतं. ती वाढत राहायची. नऊ वर्षं तिनं त्या वितळलेल्या डोळ्यासमोर बसून घास गिळला.

अण्णांनी उभी हयात दातांच्या कवळ्या बनवल्या. माणसाच्या तोंडाचा साचा पाहून हा किती चिडका असेल ते मी सांगतो, असं ते म्हणायचे. हात असे की मेणावर केसाएवढी रेघ ओढावी तर ती तेवढीच यावी. या फिगर जमवायला त्यांनी चाळिशीत सुरुवात केली. नातेवाईक मागून 'म्हाताऱ्याच्या बाहुल्या' म्हणायचे, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. खोलीच्या खिडकीला ऊन अडवणारा कागद, कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या, संध्याकाळी आपोआप लागणारे दिवे, आणि कपाटापासून दोन हातांवर जमिनीला चिकटवलेली पिवळी टेप. बघणाऱ्यानं टेपच्या अलीकडे उभं राहायचं. सूनबाईंनी खोलीच्या दाराच्या अलीकडे.

तिचं स्वतःचं काम रक्त काढायचं. तपासणीच्या लॅबमध्ये ती सकाळी सातपासून बसायची. तान्ह्या बाळाच्या मनगटातली शीर तिला पहिल्या फटक्यात सापडायची. डॉक्टरसुद्धा आपल्या घरच्यांना तिच्याच खुर्चीवर पाठवायचे. "थोडंसं टोचेल हं," म्हणायचं आणि सुई घालायची. आवाज मऊ, हात थंड. घरी मात्र तिच्या हातांची कीर्ती त्या फळीवर उभी होती.

मग अण्णांचा उजवा हात कापायला लागला.

आधी चहाच्या बशीत. मग सही करताना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे हळूहळू वाढेल असं सांगितलं. अण्णा घरी येऊन थेट मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती दारापर्यंत गेली. अण्णा जमिनीवर बसून कपाटाखाली हात घालून काहीतरी शोधत होते.

"काय पडलं, अण्णा?"

"काही नाही. जा तू."

महिनाभर त्यांनी तसंच रेटून पाहिलं. मुलाला बोलावून एक दिवस त्याच्या हातात ब्रश दिला, पण त्यानं पहिल्याच झटक्यात एका वीराचा पट्टा उपटून काढला. तो विक्रीच्या कामानं गावोगाव फिरणारा माणूस. बोलण्यात पटाईत, हातानं दगड. शेवटी एका दुपारी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"हात बघू तुझे."

तिनं ओले हात पुसून पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, जनावर विकत घेताना पाहावं तसे.

"हलत नाहीत," ते म्हणाले. "डोकं चाललं तर जमेल."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण नऊ वर्षं ज्या दारातून हाकललं त्याच दारातून आत बोलावलं जातंय, या गोष्टीची चव तिला घ्यायची होती. ती हो म्हणाली.

शिकवणी वादळवीरावर झाली. अण्णांनी तो फळीवरून काढला, तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "याचं तू आणखी काय बिघडवणार?" पोशाख उतरवायचा, चढवायचा. बटणं लाकडी चिमट्यानं लावायची. धूळ मेकअपच्या ब्रशनं झाडायची, वरून खाली. सांधा घट्ट असेल तर आधी केस वाळवायच्या यंत्रानं शेकायचा, मगच फिरवायचा. प्रत्येक फिगरबरोबर सुटे हात येतात. मूठ, उघडा पंजा, शस्त्र धरलेला. हात बदलायचा असेल तर मनगटातली खुंटी सरळ ओढायची. जरा तिरपा जोर लागला की काडकन मोडते. आणि एक मोडली तर तशी दुसरी बाजारात मिळत नाही.

ती शिकत असताना अण्णा मागे उभे राहून बोलत राहायचे. "रक्त काढतेस की विहीर उपसतेस?" "तुझ्या आईनं तुला सुईत दोरा ओवायलाही शिकवलं नाही वाटतं." शिकवणी संपली की वादळवीर परत फळीवर.

पण ती शिकली. वर्षभरात तर अशी तयार झाली की अण्णांना बोलायला जागा सापडेना. कोणाची मान किती झुकवली म्हणजे तो दमलेला दिसतो, किती उचलली म्हणजे तो खोटं बोलतोय असं वाटतं, हे तिला अण्णांपेक्षा लवकर दिसायला लागलं. लॅबमधून आल्यावर ती हात धुऊन थेट तिथंच जायची. तिला ते आवडायला लागलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही; अण्णांना तर नाहीच.

दर रविवारी सकाळी अण्णांकडे तिघंजण जमायचे. एक चष्म्याच्या दुकानाचा मालक, एक बँकेतला आणि एक प्राध्यापक. तिघांनाही हाच नाद. टेपच्या अलीकडे हात मागे बांधून उभे राहायचे आणि दबक्या आवाजात बोलायचे. त्या वर्षी कपाट पाहून ते थक्क झाले.

"अण्णा, हा उभा कसा केलाय तुम्ही," प्राध्यापक म्हणाले. "आत्ता खाली उतरेल असं वाटतंय."

"वय झालं तरी हात हलत नाही अजून," अण्णा म्हणाले. उजवा हात त्यांनी खिशात घातलेला होता.

ती मागे चहाचा ट्रे घेऊन उभी. चहा देताना अण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. चष्मेवाल्यानं विचारलं, "वहिनी, तुम्हाला यातलं कळतं का काही?" तेव्हा उत्तर अण्णांनीच दिलं.

"तिचं काम बाहेर फळीवर लावलंय. जाताना बघून जा."

तिघंही हसले. तीही हसली. त्या दुपारी ती भांडी घासत असताना तिला जाणवलं की तिला राग आलेला नाही. लॅबमध्ये एखादी दबलेली शीर बोटाखाली लागते तेव्हा जसं वाटतं, तसं वाटत होतं. आता फक्त सुई सरळ जायला हवी.

घाई केली नाही. दोन-तीन रविवार जाऊ दिले. मग बँकेतला आपल्या नव्या फिगरचं रडगाणं घेऊन आला. हात बदलताना खुंटी मोडेल म्हणून त्यानं ती डब्यातून बाहेरच काढली नव्हती. ती चहा देता देता सहज म्हणाली,

"मग अण्णांनाच विचारा ना. अण्णा, दाखवा की त्यांना एकदा. तुमच्यासारखं कुणाला जमतंय?"

"हो हो, अण्णा, दाखवाच," प्राध्यापक म्हणाले.

ती लगेच लोहपंख घेऊन आली. लॅबमध्ये सुया, कापूस मांडतात तसा ट्रे मांडलेला होता; खाली मऊ कापड, बाजूला सुट्या मुठींची जोडी. लोहपंख हा अण्णांचा मानाचा गडी. पोलादी रंगाचे पंख, एकेक पीस वेगळं. त्याच्या मनगटाचा सांधा सगळ्या कपाटात सर्वांत घट्ट, हे तिला ठाऊक होतं. तो तिनं शेकलेला नव्हता.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. एकदाच, पण पुरतं. त्यांना सगळं कळलं.

त्यांना एक वाक्य बोलता आलं असतं. माझा हात कापतो, हे सगळं तीच करते. एवढं बोलले असते तर आपण पुढे होऊन लोहपंख उचलला असता, काहीतरी निमित्त काढून त्यांची अब्रू झाकली असती, असं तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं होतं की नाही, कुणास ठाऊक. अण्णा बोलले नाहीत. त्यांनी खिशातून हात काढला.

डाव्या हातात लोहपंख धरला. उजव्याची बोटं मनगटावर टेकली आणि पंखांची पिसं किणकिण वाजायला लागली. बँकेतल्यानं खाली पाहिलं. प्राध्यापक पुढे वाकून पाहत होते, ते सावकाश सरळ झाले. अण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी ओढलं, सुटेना; पुन्हा ओढलं. ती टेपच्या अलीकडे उभी राहून मऊ आवाजात म्हणाली,

"सावकाश, अण्णा. काही घाई नाही."

काडकन आवाज झाला. पंजा एकीकडे उडाला, लोहपंख दुसरीकडे, आणि जमिनीवर आपटून त्याचा एक पंख मुळापासून निखळला.

चष्मेवाल्यानं खाली बसून पिसं गोळा केली. "होतं असं," तो म्हणाला. "वय झालं की व्हायचंच." मग कपाटावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवत म्हणाला, "पुढेमागे हे कुणाला द्यायचा विचार झाला, तर आधी मला सांगा."

प्राध्यापकांच्या डोक्यात उशिरा उजेड पडला. "म्हणजे हे सगळं, वर्षभर…" त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं.

"अण्णा सांगतील तसं करते मी," ती म्हणाली. "आणखी चहा घेणार कुणी?"

पुढच्या रविवारपासून ते तिघं तिच्याशी बोलायला लागले. पोशाखाचं कापड, सांध्याचं वंगण, नवी येणारी फिगर, सगळं तिला विचारून. अण्णा खुर्चीत बसून राहायचे. एकदा त्यांनी कुठलीशी फिगर कुठल्या साली निघाली याबद्दल दुरुस्ती केली. बँकेतला "हो का," म्हणाला आणि पुन्हा तिच्याकडे वळला.

कपाटाची किल्ली आता तिच्या पर्समध्ये असायची. अण्णा संध्याकाळी कपाटाजवळ गेले की ती हातातलं काम टाकून मागोमाग यायची.

"टेपच्या मागे, अण्णा. धक्का लागेल."

"मी नुसता बघतोय."

"तिथूनही दिसतं."

ते मागे सरकायचे. एके दिवशी त्यांनी मुलाकडे तक्रार केली. नवरा बॅग भरत होता. तो म्हणाला, "तुम्ही दोघं काय ते बघून घ्या. मला मध्ये ओढू नका." असं म्हणून तो तीन दिवसांच्या दौऱ्यावर निघून गेला. त्यानंतर अण्णांनी तक्रार केली नाही. ते फारसं बोलेनासेच झाले. वादळवीराची फळी तिनं काढून टाकली तेव्हाही ते नुसते जेवत राहिले. हात इतका हलायचा की अर्धा घास परत ताटात पडायचा. ती बघायची. उचलून भरवायला कधी गेली नाही.

असे काही महिने गेले आणि काळोख्याच्या गुडघ्यावर बारीक भेगा दिसायला लागल्या.

काळोख्या अण्णांची पहिली फिगर. मानेपासून टाचेपर्यंत अंगाला घट्ट बसलेला काळा रबरी पोशाख, त्याला कुठं जोड नाही की शिवण नाही. सगळ्या कपाटात तिचा जीव या एकावर होता. तिला तो उभाच आवडायचा, हात खाली, काही न करता. भेगा वाढत गेल्या तशी तिची झोप उडाली. रविवारच्या मंडळींना विचारावं तर चष्मेवाल्याला सगळं विकत मागायला आयतंच कारण मिळालं असतं. शेवटी ती अण्णांच्या खुर्चीजवळ गेली, काळोख्या त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं.

अण्णांनी खूप वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा मऊ झाला. असा तिनं तो कधी पाहिला नव्हता.

"सुकलाय," ते म्हणाले. "त्याला ओलावा हवाय. लहान बाळाच्या अंगाला लावतात ते तेल घे. कापसानं, अगदी पातळ. रोज एक हात, आठवडाभर."

"दुसऱ्या कुणी केलंय असं?"

"मी करायचो. आता कुठून करू." त्यांनी आपला थरथरता हात मांडीवर दाबून धरला. "तुझा हात हलका आहे, सूनबाई. माझ्यापेक्षाही. तुला जमेल."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला चांगलं म्हटल्याची ही पहिली वेळ. त्या संध्याकाळी तेल लावताना ती गुणगुणत होती. पहिल्या दिवशी भेगा दिसेनाशा झाल्या, रबराला तुकतुकी आली. तिनं तो अण्णांना नेऊन दाखवला. त्यांनी मान डोलावली. "छान. कोपरांना जरा जास्त लाव." तिला वाटलं, झालं गेलं विसरून आता काहीतरी सुरळीत होतंय. त्या आठवड्यात तिनं त्यांच्या ताटातल्या पोळीचे लहान तुकडे करून द्यायला सुरुवात केली.

सहाव्या दिवशी रबर सैल पडल्यासारखं वाटलं. सातव्या दिवशी तिनं काळोख्याला कमरेत धरून उचललं आणि तिचा अंगठा त्याच्या छातीतून आत गेला. पोशाख फुगून भिजक्या सालीसारखा झाला होता. तिनं हात काढला तशी सालच बोटांबरोबर निघून आली आणि आतला पांढरा प्लास्टिकचा सांगाडा उघडा पडला.

ती तशीच बाहेर आली. अण्णांनी तिच्या काळ्या, चिकट बोटांकडे पाहिलं.

"रबराला तेल लावतात का कधी?" ते म्हणाले. "तेलानं रबर कुजतं. कवळीच्या कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात हे."

आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात.

"ही तुमची पहिली फिगर होती," ती म्हणाली.

"हो. ही आणली तेव्हा तुझ्या सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. अख्खा उन्हाळा."

"मग का केलंत?"

"दुसऱ्या कुणासाठी तू रडली नसतीस."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती रडते आहे. अण्णांनी हसणं थांबवलं आणि ते नीट टेकून बसले, हवी ती जागा मिळालेल्या माणसासारखे, आणि तिचं रडणं पुरं होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "हात धू आणि चहा टाक."

तिनं हात धुतले. चहा टाकला नाही. चष्मेवाल्याला फोन लावला.

तो शनिवारी टेम्पो आणि खोकी घेऊन आला. नवरा घरी होता. अण्णा त्याला म्हणाले, "मला विचारलंही नाहीत." नवरा खोकं दोरीनं बांधत होता. त्यानं वर न बघता, अगदी समजुतीच्या सुरात म्हटलं, "पण अण्णा, तुम्हाला आता हात लावता येत नाही, ओळीनं उभे करता येत नाहीत. मग कुणासाठी ठेवायचं?" त्याला हे बोलायला तिनं सांगितलेलं नव्हतं.

एकेक फिगर तिनंच गुंडाळली. पंख वेगळे, झगे सैल, सुटे हात छोट्या पिशव्यांत. चष्मेवाला कौतुकानं बघत होता. काळोख्याही त्यानं घेतला, सांगाडा कामाला येईल म्हणून. तिचे हात एकदाही अडखळले नाहीत. टेम्पो गेल्यावर तिला दिवसभरात काही खाल्लं नसल्याचं आठवलं, पण खावंसं वाटेना. या माणसाकडून घेण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि तोही तिच्याकडून काही घेऊ शकणार नव्हता. एवढ्यानं बरं वाटायला हवं होतं.

मागची खोली हवेशीर, म्हणून नवऱ्यानं अण्णांचा पलंग तिकडं हलवला. रिकामं कपाट भिंतीला पक्कं बसवलेलं, ते काढता येण्यासारखं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्याच्यातले दिवे नेहमीच्या वेळी आपोआप लागले. मोकळ्या फळ्यांवर पावलांच्या जागा तेवढ्या दिसत होत्या, भोवतालच्यापेक्षा किंचित उजळ.

ती गोळ्या आणि पाणी घेऊन आत आली. अण्णा उताणे पडले होते. उजेड थेट तोंडावर येत होता.

"ते दिवे बंद कर," ते म्हणाले.

तिनं गोळ्या त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवल्या, पेला उशाशी ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "उठलात तर दिसायला हवं."

आणि बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं.